अंगातलं वारं आणि रोजची गोळी

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. अनुभव लिहायला बसलेली माणसं बहुधा आपल्या श्रद्धेपासून सुरुवात करतात. माझ्याजवळ सुरुवातीला भीतीशिवाय काहीच नव्हतं. माहेरी तळेगाव ढमढेऱ्याला होते तेव्हा बाजाराच्या गर्दीत हात सुटेल म्हणून मी आईचा पदर मनगटाला गुंडाळून चालायचे. लग्न होऊन भीमेकाठी वडगाव रासाईला आले, तेव्हा नदीला भ्यायले, उसातल्या बिबट्याला भ्यायले, सासूबाईंना तर भ्यायलेच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्यामागे तसा जुनाच होता. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी डाव्या स्तनात गाठ निघाली आणि मग कळलं, की तोवरची सगळी भीती म्हणजे नुसती रंगीत तालीम होती.

ऑपरेशन झालं, केमो झाल्या, रेडिएशनचे शेक दिले. सव्वा वर्ष गेलं. डोक्यावर पुन्हा केस आले, तेही आधीपेक्षा कुरळे. मला वाटलं, सुटले. तर पुण्याच्या डॉक्टरबाईंनी एक गोळी लिहून दिली, टॅमॉक्सिफेन. रोज एक, निदान पाच वर्षं. माझी गाठ शरीरातल्या हार्मोनवर पोसणाऱ्या जातीची होती. आम्ही शेतकरी म्हटल्यावर बाईंनी शेताच्याच भाषेत समजावलं, "तण उपटून झालंय. पण मातीत कुठं बी राहिलं असेल तर त्याला पाणी मिळू द्यायचं नाही. ही गोळी म्हणजे पाणी तोडणं." आमचे हे मान डोलावत होते. शेवंती आणि झेंडू लावणाऱ्या माणसाला याहून सोपं काय सांगणार? मीही मान डोलावली. हे पाणी माझ्याच अंगाचं तोडायचं आहे, हे मात्र घरी आल्यावर उमगलं.

गोळी सुरू झाली आणि अंगात झळा उठू लागल्या. झळ कशी यायची ते सांगते. बेंबीच्या वर कुठंतरी वाफ सुटल्यासारखं व्हायचं, ती छातीत यायची, मानेवर चढायची, कानशिलं तापायची. काळीज धडधडायचं. घामानं ब्लाऊज पाठीला चिकटायचा. दोन-चार मिनिटांत सगळं ओसरायचं आणि मग ओल्या अंगाला अशी हुडहुडी भरायची की दात वाजायचे. दिवसातून आठ-दहा वेळा. भाकरी थापताना, फुलं तोडताना, कुणाच्या ओट्यावर बसलेली असताना. सकाळी उठलं की बोटं आखडलेली असायची, शेवंतीचा देठ खुडायला चिमूट जुळायची नाही. हे सगळं होईल, असं बाईंनी आधी सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या कातडीत राहून सोसणं वेगळं.

गोळ्यांच्या खोक्यात घडी घातलेला एक इंग्रजी कागद असतो. शेजारच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडून मी तो वाचून घेतला, ही माझी पहिली चूक. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, गर्भपिशवीचं अस्तर जाड होऊ शकतं, नजरेवर परिणाम होऊ शकतो. क्वचित, असं प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतं म्हणे. भित्र्या माणसाला 'क्वचित' हा शब्द ऐकूच येत नाही. दिवसभर वाकून फुलं तोडल्यावर पोटरी दुखली, की मला गुठळी दिसायची. पाठ दुखली, की रोग हाडात उतरला असं वाटायचं. गोळी घेतली तर गोळी मारणार, नाही घेतली तर रोग मारणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. ह्यांना सांगावं, तर आजाराचा विषय निघाला की ते उठून मोटर चालू करायला जायचे. तीही त्यांची भीतीच होती, पण मला ते फार उशिरा कळलं.

अशा मनःस्थितीत नवरात्र आलं. आठव्या माळेच्या संध्याकाळी मी आरतीला रासाईच्या देवळात गेले. वर्षभरानंतर पहिल्यांदाच गर्दीत उभी होते. आमच्या गावाच्या नावातच आई आहे, त्यामुळे तिचं वेगळं वर्णन काय करू? समया, धुपाचा लोट, हलगी आणि संबळ, बायांची चेपाचेपी. आरती निम्म्यावर आली आणि मला झळ सुटली. रोजच्यापेक्षा मोठी. धुरानं जीव घुसमटला, मी कठडा घट्ट धरला. पदर डोक्यावरून खाली आला आणि आखूड कुरळे केस उघडे पडले. ते झाकायला हात उचलावा, तर हातच थरथरत होता. तेवढ्यात सोनाकाकी ओरडल्या, "आई आली गं! हिच्या अंगात आई आली!"

सोनाकाकी म्हणजे ह्यांच्या चुलती. सासूबाई गेल्यापासून घरात वडीलधाऱ्या त्याच. त्यांचा शब्द मोडायची आमच्या भावकीत पद्धत नाही. त्यांनी माझ्या कपाळभर हळदीकुंकवाचा मळवट भरला. कुणी लिंबू दिलं, कुणी पाया पडलं. मी कसंबसं "पाणी" म्हटलं, तर दोघी-तिघींनी तांब्या आणून माझ्या पायांवर ओतला. मला ते प्यायला हवं होतं. मग हुडहुडी भरली, दात वाजू लागले, आणि हलगीवाल्यानं ताल वाढवला. ही गोळीची उष्णता आहे, एवढं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी गिळलं. ही माझी दुसरी चूक आणि पहिलीपेक्षा मोठी.

का गिळलं, तेही खरं सांगते. आजारी पडल्यापासून माझ्याकडं बघायची लोकांची नजर बदलली होती. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण कुंकू लावणारीचा हात लांबून यायचा. माझ्या हातचा चहा एकीनं तसाच ठेवला होता, हा रोग लागट असतो असं तिच्या मनात असावं. दीड वर्ष मी गावात कीव करण्याची वस्तू झाले होते. आणि त्या संध्याकाळी त्याच बाया माझ्या पायावर डोकं ठेवत होत्या. मान कुणाला नको असतो? शिवाय मनात एक धाकधूक होती. मी नाही म्हणावं आणि खरोखर आईच आली असली तर? रोगाची भीती होतीच, आता देवीच्या कोपाचीही भर पडली. घरी आल्यावर ह्यांनी मला नीट निरखून पाहिलं. म्हणाले, "आईनं यावं, नको कोण म्हणतंय? गोळी तेवढी चुकवू नगंस." मी हो म्हटलं.

मंगळवारी आमच्या ओट्यावर बाया कौल मागायला जमू लागल्या. कुणाचं लग्न जमत नव्हतं, कुणाच्या गाईला दूध उतरत नव्हतं. झळ दिवसातून इतक्यांदा येई, की त्या तासाभरात एकदा तरी हमखास यायचीच. मी फार बोलत नसे. "होईल", "सबुरी धरा", एवढंच. जमलेल्या बाया तेवढ्यावर समाधानानं जात. दोन मंगळवार असे गेले आणि सोनाकाकींनी मला बाजूला घेतलं. "पोरी, अंगात आई वागवायची आन् वरनं दवाखान्याची उष्ण गोळी गिळायची? एका म्यानात दोन तलवारी ऱ्हात न्हाईत. आई रागवंल." त्यांच्या मनात काडीचंही कपट नव्हतं. माझ्या आजारपणात माझे उलटीचे कपडे त्यांनी धुतले आहेत. त्यांना खरंच वाटत होतं, की आता आईनं मला पदरात घेतलं आहे आणि गोळीनं मी तिचा अपमान करते आहे.

आणि मला तर निमित्तच हवं होतं. गोळीपासून सुटायचं निमित्त, तेही देवीच्या नावानं. दुसऱ्या दिवसापासून मी पाकिटातून रोज एक गोळी काढायचे आणि मोरीत टाकून वरून पाणी सोडायचे. पाकीट वेळच्या वेळी रिकामं दिसायचं, ह्यांना संशय आला नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मोरीचं झाकण लावतानाही मी इकडं-तिकडं बघायचे. पुण्याची तीन महिन्यांची तपासणी आली, ती मी फुलांच्या तोडणीचं कारण सांगून पुढं ढकलली. तिथं गेले असते तर बाईंनी गोळीचं विचारलंच असतं.

दिवाळी उलटली आणि एक गोष्ट घडू लागली. झळा कमी झाल्या. आठाच्या चार, चाराच्या दोन. बोटं मोकळी झाली. अंगाला इतकं बरं वाटत होतं, पण मन मात्र दिवसेंदिवस काळंठिक्कर पडत होतं. कारण मंगळवारी बाया येऊन बसायच्या आणि मला काहीच व्हायचं नाही. गोळी थांबली आणि वारंही थांबलं. म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला आता पक्कं ठाऊक झालं, की ती झळ गोळीचीच होती आणि ज्या गोळीनं माझं रक्षण होत होतं ती मी मोरीत घालवते आहे. तरी मी ती पुन्हा सुरू केली नाही. सुरू करायची तर सगळ्यांसमोर मान्य करावं लागणार होतं. रोज सकाळी मी न्हाणीघरात छाती, काख, मान चाचपून बघायचे. एकदा चाचपून समाधान व्हायचं नाही, पुन्हा चाचपायचे.

बाया कुजबुजू लागल्या, हिच्याकडून काही विटाळ झाला का, आई का येत नाही? मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी त्या कुजबुजीला भिऊन मी नाटक केलं. मुद्दाम श्वास जोरात ओढला, खांदे हलवले, मान फिरवली. सोनाकाकींनी मळवट भरला. तो कुंकवाचा थंड हात कपाळाला लागला तेव्हा मी नकळत डोकं मागं ओढलं. आईच्या नावानं मी सोंग घेतलं होतं. आयुष्यात मी कधी देवळातलं फूलसुद्धा न विचारता उचललेलं नाही. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. रोगाला मी भीत होते, देवीला भीत होते आणि आता स्वतःलाही भीत होते.

पुढच्या मंगळवारी ती आली. खुटबावची उज्ज्वला, तेव्हा तिचं नावही मला माहीत नव्हतं. चौतीस-पस्तीस वर्षांची, नदीपलीकडून एकटीच स्कूटीवर आलेली. खण-नारळाची पिशवी मांडीवर घेऊन ती सगळ्यांच्या मागं बसून राहिली. एकेक बाई उठून गेली, सोनाकाकी चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा ती पुढं सरकली. तिनं माझा हात धरला, पदराखाली नेला आणि आपल्या उजव्या स्तनावर ठेवला. माझ्या बोटांना ती गाठ ओळखीची वाटली. टणक, एका जागी रुतलेली, न दुखणारी.

"तीन महिनं झालं, आई," ती म्हणाली. "सासूबाई म्हंत्यात, दुधाची गाठ हाय, जिरंल आपुआप. मला दवाखान्याचं लई भ्या वाटतंय. तुम्ही सांगाल तसं करीन. तुम्ही जिरंल म्हणलात, तर मी दवाखान्याची पायरीसुदिक चढणार न्हाई."

माझा हात अजून तिथंच होता. मला पळून जावंसं वाटलं. सोंग करून काहीतरी सांगावं म्हटलं, तर अंग दगडासारखं झालं होतं, खोटंही थरथरेना. सात आठवडे माझ्या पोटात गोळी नव्हती, आठ-दहा दिवसांत एकही झळ आली नव्हती. मी डोळे मिटले आणि मनात फक्त म्हटलं, आई, मला येत नाही गं. याहून जास्त प्रार्थना मला सुचली नाही. आणि तेवढ्यात झळ उठली. तीच वाफ, तीच छाती, तेच कानशील. पण काळीज धडधडलं नाही आणि हात थरथरला नाही. माझ्या तोंडून शब्द आले, "ऊठ. उद्याच दवाखान्यात जा. मी येते संगं." मी साधारणपणे इतक्या ठाम आवाजात बोलत नाही, घरात कुणाला विचारून बघा. शिवाय दवाखान्यात पाऊल टाकायची मला इतकी दहशत होती, की आपणहून मी येते म्हणणं माझ्या स्वभावात बसत नाही. ते शब्द कुणाचे, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही आणि ठरवायचा हट्टही सोडला आहे.

दुसऱ्या दिवशी ह्यांची शेवंती पुण्याच्या बाजारात जायची होती. पहाटे पिकअपच्या पुढच्या बाकावर आम्ही तिघं दाटीनं बसलो. मागं फुलांचे क्रेट. उज्ज्वला वाटभर माझा पदर बोटाला गुंडाळत होती, आणि मी मनात जप करत होते तो देवीचा कमी आणि 'बाईंनी गोळीचं विचारू नये' याचाच जास्त होता.

फुलं उतरवून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी उज्ज्वलाला आत नेऊन तपासलं. त्यांचा चेहरा वाचायला मी शिकले आहे, तो मला आवडला नाही. त्यांनी सोनोग्राफी आणि सुईची तपासणी लिहून दिली. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुमची तपासणी राहिली आहे. गोळी चालू आहे ना?"

"चालू आहे," मी म्हणाले. खोटं किती सहज येतं!

बाई उज्ज्वलाकडं वळल्या. "घाबरू नका. वेळेत आलात हे चांगलं केलंत."

"न्हाई घाबरले, मॅडम," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं म्हणून आले. ह्यांच्या मुखानं आई बोलती. ह्यांच्या तोंडून खोटं येतच न्हाई."

ती हे माझं कौतुक म्हणून बोलली. इतक्या भाबडेपणानं, की मला खुर्चीत बसवेना. मी उभी राहिले, पुन्हा बसले आणि रडायलाच लागले. "मी आत्ता खोटं बोलले, बाई. दोन महिने झाले, मी गोळी मोरीत टाकते." मग सगळंच बाहेर पडलं, झळ, मळवट, मंगळवार, सोंग. ह्यांनी मान खाली घातली होती. उज्ज्वला माझ्याकडं बघत होती, पण तिनं पदर सोडला नाही.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "झळांवर मला उपाय करता आला असता. तुम्ही एकदा सांगायचं तरी." मग त्यांनी मला आत नेऊन तपासलं. शिवणीजवळ त्यांची बोटं एका ठिकाणी थांबली, पुढं गेली आणि पुन्हा तिथंच आली. मी छताकडं बघत होते. "इथं थोडं घट्ट लागतंय. तपासून घेऊ," त्या म्हणाल्या. रोज चाचपूनही ते माझ्या बोटांना सापडलं नव्हतं. त्या दिवशी आम्हा दोघींची सुईची तपासणी झाली. रिपोर्ट आठ दिवसांनी.

ते आठ दिवस मी कसे काढले, ते लिहायला घेतलं तर हात थांबतो. घरी आल्यावर हे पहिल्यांदा माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "मला कळायला पायजे व्हतं. मीच भीत व्हतो ईचारायला." आम्ही दोघं भित्रे एकमेकांना धरून बराच वेळ बसलो. गोळी मी बाईंच्या सांगण्यावरून त्याच दिवशी पुन्हा सुरू केली होती. पण केलेलं पाप दोन महिन्यांचं होतं आणि रोग काही माझ्या पश्चात्तापासाठी थांबणार नव्हता. दुपारी देऊळ रिकामं असताना मी आईसमोर जाऊन बसले. म्हटलं, "तुझं सोंग घेतलं. मारायचं तर मला मार. त्या पोरीला वाचव." आणि मग हळूच जोडलं, "जमलं तर मलाही." मरणाच्या दारातही माणूस मागायचं विसरत नाही. पण त्यानंतर मी मागणं थांबवलं. मागून मागून जीव दमला होता. नुसती बसून राहिले. काय व्हायचं ते होईल, आणि जे होईल ते तुझ्यासमोर होईल, एवढंच मनात उरलं. त्या तासाभरात माझी भीती गेली नाही. ती माझ्या शेजारी येऊन बसली, असं म्हणता येईल.

मंगळवार आला. बाया जमल्या. मी मळवट भरू दिला नाही. "बायांनो," मी म्हणाले, "माझ्या अंगात आई येत न्हवती. ती गोळीची उष्णता व्हती. आन् मागच्या पंधरवड्यात तर मी सोंगच केलं. मला माफ करा." एक जण आपला नारळ उचलून, चपला पायात अडकवून निघून गेली. दुसऱ्या दोघी तिच्यामागं गेल्या. सोनाकाकी जागच्या हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "खुटबावच्या पोरीला दवाखान्यात धाडलंस, तवा गोळी खात व्हतीस का?"

"न्हाई, काकी."

"मग?" एवढंच म्हणून त्या उठल्या. आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. या खेपेला त्यांनी तो माझ्या हातात दिला. "पी," म्हणाल्या. "आन् गोळी बंद कर म्हणाले ती माझी चूक. माझं मलाच कळलं न्हाई." मी तांब्या तोंडाला लावला.

रिपोर्ट आले. माझ्या शिवणीजवळचं ते घट्ट म्हणजे ऑपरेशननंतर तिथली चरबी कडक झाली होती, बाकी काही नाही. उज्ज्वलाची गाठ मात्र कॅन्सरची निघाली. लहान होती, काखेत पोचलेली नव्हती. "अजून चार-सहा महिने घरी बसली असती तर वेगळं बोलावं लागलं असतं," बाई म्हणाल्या. माझं ऐकून आधी मला जो आनंद झाला त्याची मला लाज वाटली, कारण ती माझ्या शेजारीच बसली होती. तीच म्हणाली, "आई, तुम्ही म्हणलात म्हणून आले, न्हाईतर…" आणि तोंडावर हात दाबून रडली. सगळं खरं सांगून झालं होतं, तरी ती मला आईच म्हणत होती. मी तिला दोनदा सांगितलं, असं म्हणू नकोस. ती ऐकेना.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. माझी गोळी चालू आहे. काही आठवड्यांतच झळा परत आल्या. बाईंनी त्यावर एक वेगळी छोटी गोळी दिली, रोज चालायला सांगितलं, त्यानं झळा निम्म्यावर आल्या आहेत. बोटं सकाळी आखडतात, मी कोमट पाण्यात धरते. पोटरी दुखली तर चाचपत बसत नाही, सरळ फोन करून विचारते. मंगळवारी ओट्यावर आता कुणी येत नाही. गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात हिनं फसवलं, काही म्हणतात आईनं हिच्याकडून काम करून घेतलं. दोन्ही ऐकून घेते. पूर्वी मला वाटायचं, शरण जायचं म्हणजे आपण डोळे मिटायचे आणि तिनं सगळं करायचं. आता वाटतं, शरण जाणं म्हणजे डॉक्टरांपुढं खरं बोलणं, रोज एक गोळी पाण्याबरोबर गिळणं आणि पुढचं तिच्यावर सोपवणं. हे लिहायला सोपं आहे. रोज सकाळी ते नव्यानं करावं लागतं.

मागच्या महिन्यात मी खुटबावला गेले होते. उज्ज्वलाचं ऑपरेशन, केमो, शेक सगळं आटपलं आहे आणि तिलाही हीच गोळी सुरू झाली आहे. आम्ही अंगणात वालाच्या शेंगा निवडत होतो. बोलता बोलता तिचे हात थांबले. चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला, शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. तिच्या सासूबाई दारातून धावत आल्या आणि माझ्याकडं बघू लागल्या. त्यांच्या डोळ्यांतला प्रश्न मला कळला. मी म्हणाले, "काही न्हाई, गोळीची झळ हाय. जाईल दोन मिनिटांत. पाणी आणा, प्यायला."

उज्ज्वलानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी तिच्याजवळ सरकले, पदरानं वारा घालत राहिले. झळ ओसरली, हुडहुडी आली, तीही गेली. मग ती हळूच म्हणाली, "मला परत व्हईल का हो? लई भ्या वाटतंय."

पूर्वीची मी असते तर तिला धीर द्यायला काहीतरी मोठं बोलले असते. मी म्हणाले, "ते मला सांगता येत न्हाई गं. मलाबी रोज भ्या वाटतंय."

तिनं मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदाच तिच्या बघण्यात कौल मागणं नव्हतं. मग ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "मग बसा थोडा येळ, ताई. जाऊ नगा."

मी बसून राहिले.